चौथा पडंना

स्टीलच्या वाटीत किल्ली पडली. टण् झालं, आणि घर पुन्हा गप्प.

सपनाचा हात पिठातच थांबला. किल्ली उचलताना वाटी खरडते, ठेवताना वाजते. गेली दोन वर्षं सकाळी सहाला तिनं ती खरडलेलीच ऐकली होती. वाजायची ती संध्याकाळी, गाडी अंगणात लागल्यावर, आणि तो आवाज कानी पडला की दिवसभर टांगणीला लागलेला तिचा जीव भांड्यात पडायचा. आज दिवस उगवायच्या आत वाटी खरडली, आणि लगेच वाजलीही होती.

तिनं वळून पाहिलं. तिचा नवरा धम्मानंद दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. काखेत कुबडी. जयपूरचा नकली पाय दाराआडच्या खुंटीला टांगलेला, मोज्यासकट.

"आज जायचं न्हाई?" तिनं विचारलं. आवाज जमेल तेवढा साधा ठेवला.

"न्हाई."

"सर लोक थांबतील ना फाट्यावर."

"त्यांला कालच सांगितलं. आठ दिवस बसनं जा म्हणलं." तो खुंटीकडं बघत नव्हता. "फुलसिंगभाऊ येऊन राहिला नऊ वाजता. डब्बा खोलायचा."

डब्बा म्हणजे गिअरबॉक्स. सपनानं भाकरी थापायला घेतली, पण ती गोल होईना. एका बाजूला फाटली. तिनं पुन्हा गोळा केला.

"आन् खोलून न्हाई झालं काही, तर?"

"तर न्हाई झालं," तो म्हणाला, आणि कुबडी टेकत खाटेकडं गेला. खाटेची दोरी करकरली. त्या खाटेवर तो दिवसा बसला की सपनाची नजर फाटकाकडं जायची.

साडेतीन वर्षांमागची गोष्ट. धम्मानंद काळीपिवळी जीप चालवायचा, शिरड शहापूर ते औंढा, औंढा ते हिंगोली. दहा वर्षांत एक ओरखडा नाही. ज्या दिवशी जीप उलटली त्या दिवशी त्याची सुट्टी होती. दुसऱ्याच्या जीपमध्ये तो प्रवासी होऊन पुढं कडेला बसला होता, एक पाय बाहेर काढून. तो डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुढं दीड वर्ष खाट. पहिले सहा महिने तो बोलत तरी होता. मग जयपूरचा पाय आला, चारदा घातला, आणि एक दिवस खुंटीला टांगला तो टांगलाच. बोलणंही त्याच्यासंगंच टांगलं गेलं. एका दुपारी खाट रिकामी दिसली. तीन वर्षांच्या लेकीला, मितूला, काखेत मारून सपना धावत सुटली, तेव्हा तो सिद्धेश्वरच्या कालव्याच्या काठाला बसलेला सापडला. कुबड्या शेजारी नीट जोडून ठेवलेल्या. चप्पल काढून ठेवलेली, एकच.

"पाणी पाहायला आलतो," तो म्हणाला.

कोणी काही विचारलं नाही. त्याच्या आईनं, जनकाबाईनं, त्या संध्याकाळी शेळीच्या गळ्यातली घंटी सोडून अंगणाच्या फाटकाला बांधली. कशाला बांधली तेही कोणी विचारलं नाही. या घरात त्या दुपारला नाव नव्हतं.

मग गाडी आली. औरंगाबादला त्याचा मावसभाऊ साहेब होता, त्याच्या दारात ती तीन वर्षं धूळ खात उभी होती. ब्याण्णव सालची, जपानी, कोणीतरी परदेशातून बोटीनं आणलेली. पार्ट मिळत नाहीत म्हणून कोणी घेईना. तिची खुबी एकच, तिला क्लच नव्हता. दोन पायडलं, ब्रेक आणि रेस, आणि दोन्ही उजव्या पायाची. डाव्या पायाला त्या गाडीत कामच नाही. गिअर आपले आपण पडतात.

"माझ्या पोराला पाय न्हाई आन् गाडीला पायडल न्हाई," जनकाबाई तेव्हा म्हणाली होती, "सोयरीक बराबर जमली."

धम्मानंद हसला होता. दीड वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी त्यानं खुंटीवरचा पाय काढला आणि पट्टे बांधले. रोजची चार माणसं लागली: दोन शाळेचे सर, एक कंपाउंडर, एक कोर्टातले कारकून. सकाळी हिंगोली, संध्याकाळी शिरड. तो घरी येऊन गोष्टी सांगायला लागला, कुणाच्या डब्यात काय होतं, कोणता सर झोपेत कुणाच्या खांद्यावर पडतो. मितूला मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरू द्यायला लागला. म्हणून सपनाच्या लेखी ती गाडी नव्हतीच. खाट आणि नवरा यांच्या मधे कोणीतरी चार चाकांची भिंत घातली होती, आणि दिवाळीपासून ती भिंत हलायला लागली होती.

दुखणं असं की चौथा पडेना. या गाडीचा चौथा गिअर म्हणजे ओव्हरड्राईव्ह. गाडी पन्नाससाठच्या वेगाला आली की इंजिन एक उसासा टाकल्यागत हलकं व्हायचं, आवाज खाली यायचा, आणि गाडी नुसती वाहत राहायची. आता तो उसासा येईनासा झाला. तिसऱ्यावरच इंजिन गिरणीसारखं रडत राहायचं. डिझेलची गिरणी भरडा टाकल्यावर रडते तसं. पेट्रोल जास्त जायला लागलं ते वेगळंच, पण धम्मानंदची भीती दुसरी होती. असंच रडवत ठेवलं तर डब्बा जळणार.

काय काय करून पाहिलं नाही त्यानं? गिअरच्या दांडीला अंगठ्याजवळ एक बटण होतं. ते दाबलं गेलं की ओव्हरड्राईव्ह बंद होतो आणि समोर पिवळा दिवा लागतो. एकदा मितूच्या गुडघ्यानं ते दाबलं गेलं होतं, तेव्हा सगळे हसले होते. या वेळी दिवा बंदच होता. बटण दहादा दाबून पाहिलं, वायर उपसून पाहिली. डब्ब्याचं तेल पाहिलं, इंजिन चालू ठेवून, दांडी पी वर, म्हणजे पार्कवर, टाकून, जसं पाहायला पाहिजे तसं. लाल होतं, खुणेपर्यंत होतं, जळका वास नव्हता. नांदेडच्या एका गॅरेजवाल्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि सांगितलं, "डब्बा गेला, दुसरा मिळत नाही, भंगारात काढा." त्या दिवशी धम्मानंद घरी आला तो जेवला नाही.

सपना बारावी शिकलेली. गाडीसंगं एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. मितूला झोपवून, भांडी घासून, उरलेल्या वेळात ती ते डिक्शनरी लावून वाचायची. मितूच्या जुन्या वहीच्या मागं ती लिहून ठेवायची: अमुक वारी सकाळी पडला नाही. दुपारी एकदा पडला. औंढ्याचा चढ चढल्यावर पडला, सपाटीला आल्यावर पुन्हा सुटला. सकाळी कधीच नाही. तिला त्यातून काही उमगत नव्हतं. पण डॉक्टरला लेकराचा ताप लिहून दाखवतात तसं ती लिहीत राहिली.

आणि एक गोष्ट तिनं वहीतही लिहिली नव्हती. गाडी रडायला लागल्यापासून तिचा आवाज फाट्यावरून घरापर्यंत ऐकू यायचा. चौथा पडायचा तेव्हा गाडी दारात येईपर्यंत पत्ता लागत नसे. आता संध्याकाळी सहाला दूरवर ते रडणं सुरू झालं की तिला कळायचं, आला. गाडीच्या दुखण्यात आपल्याला बरं वाटतं, याची तिला लाज वाटायची.

नऊ वाजता फाटकाची घंटी वाजली. फुलसिंग राठोड मोटारसायकल ढकलत आत आला, मागं वजन उचलायचा साखळीचा चेनकप्पा बांधलेला. पन्नाशीचा माणूस, तांड्यावरचा पहिला मिस्त्री. ट्रॅक्टर, जीप, ऊस तोडायला जाणाऱ्या ट्रका, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं.

"जय भीम, धम्मा."

"राम राम, भाऊ."

"पाय कुठाय?" फुलसिंगनं सरळच विचारलं. "का आज पायालाबी सुट्टी?"

धम्मानंदनं खाटेवर सरकून त्याला जागा केली. जनकाबाई चहा घेऊन आली. "फुलसिंग, मागल्या साली तू व्यंकटरावाची जीप खोलली व्हती, तवा दोन नट उरले व्हते म्हणत्यात."

"तीन उरले, मावशी. तरी जीप पळून राहिली."

"आन् ह्याचे उरले तर?"

फुलसिंगनं बशीत चहा ओतला आणि फुंकर मारत बसला. त्याचं हसू आटलं. "खरं सांगू का? असा डब्बा म्या उभ्या जन्मात खोलला न्हाई. आत निस्त्या चकत्या आन् बारक्या गोळ्या अस्त्यात म्हणं. जीपचं आपल्याला बराबर कळतं. हे..." तो धम्मानंदकडं वळला. "तू म्हणतोस म्हणून खोलतो. पण बसंल का न्हाई, त्याची गॅरंटी मी देत न्हाई."

"देऊ नको," धम्मानंद म्हणाला. "तशीबी जाणारच हाय ती. लटकून काहून ठेवायची? व्हायचं ते होऊन जाऊ दे एकदाचं."

सपना दाराआड उभी होती. एकदाचं, हा शब्द तिच्या कानात अडकला. तो गाडीबद्दल बोलून राहिला, असं तिनं स्वतःला सांगितलं.

"आधी इंजिन तापव," फुलसिंग उठत म्हणाला. "गार तेल निघायचं न्हाई. वीस मिनटं चालू ठेव, मग खालचा नट सोडतो."

धम्मानंदनं कुबडीवरच जाऊन, दारातून वाकून, किल्ली फिरवली. गाडी गुणगुणत उभी राहिली. फेब्रुवारीचा पहिला आठवडा, ऊन आलं होतं पण वाऱ्याला अजून धार होती. शेजारच्या शेतात हळद शिजत होती, तिच्या वाफेचा कडूगोड वास अंगणभर. फुलसिंगनं लिंबाच्या फांदीला चेनकप्पा अडकवला, जमिनीवर पोतं पसरलं, नट खोलायचे पाने ओळीनं मांडले. दवाखान्यात कापाकापीच्या आधी मांडतात तसे. सपना ते एकेक पान्याचं मांडणं बघत होती. तिला वाटत होतं, हा नट एकदा सुटला की मग काहीच हातात राहणार नाही. लाल तेल मातीत जाईल, चकत्या तरटावर पसरतील, लिंबाखाली गाडीत कोंबड्या अंडी घालतील. आणि खाट करकरत राहील.

मितू आता सहा वर्षांची. सर्दीनं नाक गळत होतं म्हणून शाळा बुडवलेली. ती कधी पुढच्या सीटवर जाऊन बसली कुणाला कळलं नाही.

"मितू, उतर. पप्पाला काम करायचंय."

"मी शेकून राहिले, आई. पप्पा थंडीत लावत्यात ना, गरम हवेचं." तिनं हीटरची मूठ पुरती फिरवली होती आणि दोन्ही हात जाळीपुढं धरले होते. "पण हे खोटंच हाय. थंडच हवा येते."

"इंजिन तापायचंय अजून. उतर."

"लई वेळ झाला. मी शंभरपर्यंत चारदा म्हणलं."

सपना तिला उचलायला वाकली आणि तिच्या हाताला हवा लागली. खरंच थंड. पहाटेच्या ओसरीवरच्या हवेसारखी. तिनं समोरच्या काट्याकडं पाहिलं. इंजिनच्या पाण्याची गरमी दाखवणारा काटा खालच्या रेघेवरून जेमतेम बोटभर उचललेला.

"किती वेळ झाला चालू करून?" तिनं बाहेर विचारलं.

"झाली की वीसपंचवीस मिनटं," फुलसिंग गाडीखालून म्हणाला.

"मग काटा काहून वर येईना?"

"न्हाई येत. दिवाळीपासून तो तिथंच असतो," धम्मानंद म्हणाला. "चांगलंच हाय ना? गाडी गार चालून राहिली."

सपना मितूला तशीच काखेत धरून उभी राहिली. पुस्तकातलं एक वाक्य तिच्या डोळ्यापुढं आलं. ते तिनं दोनदा वाचलं होतं आणि दोनदा सोडून दिलं होतं. इंजिनचं पाणी थंड असेल तर ओव्हरड्राईव्ह पडत नाही. सोडून दिलं, कारण चाळीस किलोमीटर पळालेल्या गाडीचं पाणी थंड कसं असेल? सकाळी कधीच नाही. दुपारी एकदा. चढ चढल्यावर.

"फुलसिंगदादा," ती म्हणाली, "नट सोडू नका."

"आँ?"

"थांबा. नट सोडू नका." आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "गाडीला चौथा टाकू का नको, हे गाडी पाण्याच्या गरमीवरून ठरवती. पुस्तकात लिहिलंय. पाणी गार असलं की ती म्हणती, इंजिन अजून झोपेत हाय, चौथा नको. आपलं पाणी कवाच तापत न्हाई. म्हणून सकाळी पडत न्हाई. म्हणून चढावर पडतो."

फुलसिंग पोतं झटकत गाडीखालून निघाला. "ताई, पळती गाडी आन् पाणी गार? असं कुठं..." तो बोलता बोलता थांबला. त्यानं इंजिनकडं पाहिलं, मग धम्मानंदकडं, मग स्वतःच्या हाताकडं. "मे महिन्यात ही औंढ्याच्या चढावर उकळली व्हती."

"व्हय. तूच केली ना नीट."

"म्या वॉल काढला व्हता तिचा."

"कोणता वॉल?"

"थर्मोस्टॅटचा. बारकी झडप असती, पाण्याच्या वाटंवर. इंजिन तापंस्तोवर पाणी आतच कोंडून धरती, तापलं की वाट सोडती." फुलसिंगनं टोपी काढून डोकं खाजवलं. "आपल्या मुलखात ती आमी ठेवतच न्हाई. चव्वेचाळीस डिग्रीला कोंडून काय करायचं? उन्हात पाणी तसंबी तापतं, थंडी पडली तसं हिचं कळलं. येईल त्या गाडीचा काढून टाकतो. शंभरदोनशे गाड्यांचा काढला असंल, एकीनं तक्रार केली न्हाई."

"त्या गाड्यांला इचार करता येत नसंल," जनकाबाई म्हणाली. "ही शिकलेली हाय."

धम्मानंद कुबडीवर वाकून काट्याकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर आशा दिसत होती, आणि सपनाला तिचीच जास्त भीती वाटली. हे खरं निघालं नाही तर? मघाशी तो निदान ठरवून बसला होता. आता आपणच त्याला पुन्हा उभं केलं, आणि आता पडला तर आपल्यामुळं पडेल.

"वॉल कुठाय तो?" त्यानं विचारलं.

"फेकला. नांदेडला मिळंल तसल्या मापाचा." फुलसिंग घुटमळला. "पण आधी हे खरं हाय का, कसं कळावं? तेवढ्यासाठी तुला नांदेडपर्यंत रडवत न्यावी लागंल."

"झाका की मग तिला," जनकाबाई म्हणाली, जणू कोणी मूर्खासारखं बोलत होतं. "हळदीच्या कढईवर बारदाना टाकल्याबिगर वाफ धरती का? तोंड झाका, पाणी तापंल."

ती शेजारच्या शेतात गेली आणि हळदीनं पिवळं झालेलं, अजून ओलसर गरम पोतं घेऊन आली. फुलसिंगनं ते घडी करून जाळीच्या आत, रेडिएटरच्या तोंडावर अडकवलं. धम्मानंद घरात गेला. बाहेर आला तेव्हा दोन्ही पायांवर होता, पट्टे घाईत बांधलेले. सपनानं ते बघून नजर दुसरीकडं वळवली.

फुलसिंग पुढं बसला, सपना आणि मितू मागं. गाडी वसमतच्या रस्त्याला लागली. पहिला, दुसरा, तिसरा. मग रडणं सुरू झालं, तेच. वेगाचा काटा साठाला, आणि इंजिन गळा काढून. दोन्ही बाजूला हळद खणलेली काळी रानं मागं जात होती. सपना दोन सीटांच्या मधून पाण्याच्या काट्याकडं बघत होती. तो उचलला. अगदी हळू, म्हातारं माणूस उठावं तसा. पाव झाला. पावाच्या वर गेला. रडणं तसंच.

"पडंना," धम्मानंद म्हणाला.

"थांब जरा," फुलसिंग म्हणाला.

"न्हाई पडत, भाऊ. पडायचा तर..."

"पप्पा, हवा गरम झाली," मितू म्हणाली. तिनं हात मधून पुढं केला होता.

आणि इंजिननं उसासा टाकला. एक हलका धक्का, सीटला पाठ लागावी एवढाच. मग आवाज खाली, खाली, आणि टायरांची सळसळ तेवढी उरली. वेग तोच, पण गाडीतलं भांडण मिटलं होतं. आरशात सपनाला धम्मानंदचे डोळे दिसले, ओले आणि रस्त्यावर खिळलेले.

पण काटा थांबला नाही. अर्ध्यावर आला, अर्ध्याच्या पुढं सरकला. फुलसिंग पुढं झुकला. "धम्मा, बास. थांबव."

"अजून थोडं."

"पोतं लावलंय समोर, विसरलास का? उकळंल."

"पडलाय भाऊ तो. राहू दे पडलेला."

काटा लाल रेघेकडं निघाला होता. धम्मानंदचा पाय रेसवरून हलेना. त्याच्या मानेवरची शीर ताठलेली सपनाला मागून दिसत होती, आणि तिला कळलं की हा काट्याकडं बघतच नाहीये. हा कुठं बघून राहिलाय ते आपल्याला माहीत नाही. तिनं मितूला छातीशी ओढलं, दुसरा हात पुढं करून त्याच्या खांद्यावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

"अवो," ती म्हणाली. "थांबवा."

त्यानं रेसवरून पाय उचलला. गाडी कडेला लागली तेव्हा झाकणाखालून वाफ निघत होती. फुलसिंगनं पोतं ओढून काढलं, बोटं भाजून घेतली, आणि दहा मिनिटांनी ते अर्धं दुमडून पुन्हा लावलं. परत येताना काटा अर्ध्यावर उभा राहिला आणि चौथा घरापर्यंत सुटला नाही.

अंगणात फुलसिंगनं पाने गोळा केले. "माझ्याजवळ हाय ती झडपेची जुनी वायसर मापाला घेऊन जा," त्यानं धम्मानंदला सांगितलं. "बावन्न मिलिमीटर माग. ह्या असल्या पोत्यावर जाताना काट्यावर ध्यान ठेव. वॉल आण, मी सांजच्याला येऊन बसवून देतो." मग सपनाकडं बघून, जरा लाजून म्हणाला, "ताई, तुमचं ते पुस्तक जरा मलाबी वाचून दाखवा एकडाव."

तो गेला. धम्मानंदनं तोंड धुतलं, शर्ट बदलला. "मी नांदेडला जाऊन येतो," तो म्हणाला.

"मी येते संगं. मितूलाबी दाखवता येईल दवाखान्यात."

"सपना." तो पट्टे पुन्हा नीट बांधत होता, एकेक बक्कल. "दोन वरसं झाली. सकाळी सर लोक संगं, सांजच्याला सर लोक संगं. मधल्या वेळात तू त्या कारकुनांला फोन लावतीस, गाडी कुठं उभी हाय म्हणून. मला काय कळत न्हाई?"

तिनं मितूचं नाक पदरानं पुसलं.

"एकडाव एकट्याला जाऊ दे," तो म्हणाला. रागानं नाही. मागितल्यासारखं.

ती काय म्हणणार होती? नको म्हणावं तर त्याला कळलं असतं ती कशाला नको म्हणते, आणि मग त्या दुपारला नाव पडलं असतं. व्हय म्हणावं तर नांदेडच्या वाटेवर, वसमतच्या अलीकडं, कालव्याचा पूल होता. मघाशी रेसवरून न हललेला पाय तिच्या डोळ्यापुढून जात नव्हता. तो आनंद होता का दुसरं काही, ते तिला ठरवता येत नव्हतं. त्यालाही आलं नसतं, कदाचित.

"काट्यावर ध्यान ठेवा," ती म्हणाली.

"ठेवतो."

"आन् पोचल्यावर फोन करा."

"करतो की." तो हसला, तिच्याकडं न बघता मितूच्या डोक्यावर हात फिरवला, आणि गाडीत बसला.

त्या दोघी फाटकाशी उभ्या राहिल्या. गाडी गल्लीतून वळली, बाभळीमागं दिसेनाशी झाली. आता नुसता आवाज. सपना डोळे मिटून ऐकत होती. पहिला. दुसरा. रस्त्याला लागला. तिसरा. रडणं सुरू झालं, चढत गेलं, फाट्याच्या पुढं गेलं. ती त्या रडण्याला धरून होती, दोरीला धरावं तशी. मग दूर, मळ्यांच्या पलीकडं, तो उसासा. आवाज खाली गेला, विरला, आणि हळदीच्या शेतातल्या बायकांचं बोलणं आणि एका पाखराची टिवटिव तेवढी उरली.

मितूनं तिचा पदर ओढला.

"पडला ना चौथा, आई?"

"पडला, बाळा."

मितू टाचा उचलून, मान तिरकी करून रस्त्याकडं ऐकत राहिली, आईसारखीच. बराच वेळ. मग तिनं वर पाहिलं.

"पण आता गाडीचा आवाजच येईना. मग पप्पा नीट हायेत का न्हाई, ते आपल्याला कसं कळायचं?"